चाचांचा बेंजो आणि सोळा माणसं

आमच्या घरमालकाच्या घरातलं घड्याळ कायम मागं असायचं. भिंतीवरचं, लंबकाचं, चांगलं धडधाकट घड्याळ. खोट घड्याळात नव्हती, मालकात होती. बेंजो वाजवायला बसायच्या आधी ते स्टुलावर चढायचे, लंबक बोटानं थांबवायचे, आणि वाजवून झालं की परत ढकलून द्यायचे. घड्याळ किती मागं पडलंय ते बघितलं की त्या दिवशी किती वाजवलं ते कळायचं.

मी तेव्हा येडशीच्या ठेसनात गँगमन. आमच्या खोलीत घड्याळ नव्हतं, मधल्या झरोक्यातनं मालकांचं दिसायचं. एकदा त्याच्यावर विसंबून रुळावर गेलो तर मुकादमानं सगळ्या गँगीपुढं माझा उद्धार केला. संध्याकाळी येऊन म्हणालो, "चाचा, तुमचं वाजवणं तुमच्यापाशी. घड्याळाला कशापायी अडवता?"

"अरे, वो टिकटिक करता," चाचा म्हणाले. "मैं बजाता तो वो भी बजाता. मेरेकू साथ में कोई नक्को."

"घड्याळ हाय ते, माणूस न्हाय."

"माणसाला सांगून कळतं. घड्याळाला थांबवावंच लागतं."

आतनं माझी बायको म्हणाली, "मग आमच्या ह्यांचं घोरणं कसं काय चालतंय तुमाला?"

"वो बेसूर है, बेटी. उसकू मैं गिनती में नहीं धरता."

ही माझी बायको मागच्या थंडीत गेली. घरात सून आहे, पोरगा आहे, पण दोघं कामाची माणसं. मी बसून असतो. चाचांचं आठवलं की हिचं आठवतं आणि हिचं आठवलं की चाचांचं, म्हणून म्हटलं एकदा लिहून टाकावं. शाळा माझी चौथीतच सुटली. वाचताना अडखळलात तर दोष माझा, पण मी काही परत लिहिणार नाही.

चाचा म्हणजे जुन्या बँडातले. निजामाच्या राज्यात कुठल्याशा पलटणीचा बँड होता, त्यात ते क्लॅरोनेट फुंकायचे. पोलीस ॲक्शन झाली, राज्य बदललं, बँड मोडला, आणि चाचा येडशीला बापाच्या घरात येऊन बसले. पितळी गुंड्यांचा कोट तेवढा बरोबर आणला. बायको आधीच वारलेली, मूलबाळ नाही. दोन खोल्या आम्हाला दिल्या आणि दोन स्वतःला ठेवल्या.

"चाळीस आदमी," ते म्हणायचे, "चाळीस आदमी एक साथ. मैं कितना भी फूँकू, मेरेकूच मेरा सुनाई नहीं देता. एक दिवस फुंकलंच न्हाय. नुसते गाल फुगवून हुबा ऱ्हायलो. कुणाला कळलं न्हाय! मास्टर उलट शाबास बोल्या."

आम्ही हसायचो. ते हसायचे नाहीत. त्यांच्या हिशेबी तो दिवस म्हणजे मोठा घात होता. त्या दिवशीच त्यांनी ठरवलं की ह्यापुढं वाजवीन तर एकटा. आणि एकट्याला क्लॅरोनेट गोड लागत नाही म्हणून ते विकून हैदराबादेतनं बेंजो आणला. शिकलेली माणसं त्याला बुलबुलतरंग म्हणतात. लांबट पेटी, त्यावर तारा, आणि टाइपरायटरासारख्या गुंड्या. एका हातानं गुंड्या दाबायच्या, दुसऱ्यानं तारा छेडायच्या. आमच्याकडं लग्नाच्या वरातीत असतो, आणि तिथं त्याच्याबरोबर ढोल, ताशा, झांज, सगळं असतं. नुसता बेंजो कुणी ऐकलेला नव्हता. चाचांचा मात्र नुसताच.

साथ करायला गेलेल्या माणसाचं ते काय करायचे ते सगळ्या येडशीला ठाऊक होतं. ठेसनासमोरच्या हॉटेलात एकदा लोकांनी आग्रह करून त्यांना वाजवायला बसवलं. हॉटेलवाल्याला राहवलं नाही, त्यानं चहाच्या गिलासावर चमच्यानं ठेका धरला. चाचांनी बेंजो फडक्यात गुंडाळला, उठले, आणि त्या दिवसापासून त्या हॉटेलाचा चहा बंद. भजनातले मृदंगवाले बुवा मोठ्या प्रेमानं मृदंग घेऊन दारात आले, तर ह्यांनी आतनं कडी लावली. टाळी वाजवली तर म्हणायचे, "मेरा होने के बाद. मधी वाजवली तर तो तुझा बाजा झाला." गल्लीतलं एक कुत्रं ओसरीवर बसून ऐकायचं आणि शेपूट जमिनीवर आपटायचं. त्याच्या शेपटीखाली चाचा गोणपाट घालायचे. कुत्र्याला हाकललं नाही, हे मात्र खरं. ही म्हणायची, "कुत्र्याला गोणपाट, बुवाला कडी. न्याव चांगलाय."

आणि वाजवायचे काय? तेच तर मोठं मजेचं. येरमाळ्याच्या येडाई देवीच्या गोंधळाची चाल धरली म्हणावं तोवर त्यातनं कव्वाली निघायची, कव्वालीच्या पोटातनं पलटणीचा मार्च, आणि मार्च चालता चालता एकदम दमून जात्यावर बसल्यासारखा. सगळं एकात. ही त्याला चाचांची आमटी म्हणायची. घरातल्या सगळ्या डब्यांतलं चिमूट चिमूट टाकलेली. पण खरं सांगतो, ती आमटी दुसऱ्या कुणाला जमली नाही. ऐकताना माणूस रडायचं का नाचायचं ते ठरवेपर्यंत संपून जायची.

येरमाळ्याचा एक गोंधळी एकदा दारात येऊन भांडला. "ही आमच्या आईच्या गोंधळाची चाल हाय. तुमी कशी घेतली?"

चाचा म्हणाले, "आई तुमची. बोटं माझी."

गोंधळी म्हणाला, "आईपुढं संबळ लागतो. संबळाबिगर ही चाल नागडी दिसती."

"मेरेकू नंगीच होना," चाचा म्हणाले, आणि कडी.

हिचं भांडण वेगळं होतं. ही जात्यावर दळताना म्हणायची ती ओवीची चाल तिच्या आईकडनं आलेली. भिंत मधे मातीची. आठ दिवसांत ती चाल बेंजोतनं यायला लागली. ही पिठाच्या हातानं तशीच गेली.

"चाचा, माझी ओवी चोरली तुमी."

"चोरली न्हाय. भिंतीतनं आली. मैं क्या करू?"

"आली तर आली, चुकीची कशाला वाजवताय? तिसऱ्यांदा वर जात न्हाय ती, खाली येती."

चाचांनी तोंड वाकडं केलं. पण दुसऱ्या दिवशी ती चाल तिसऱ्यांदा खाली आली. हिनं दळणं थांबवून ऐकलं आणि मला म्हणाली, "म्हातारा ऐकतोय बरं का." तेव्हापासून दोघांचं रोजचं भांडण आणि रोजची भाकरी. भाकरी हिची, भांडण दोघांचं.

तर आता तबकडीचं सांगतो.

चैतात येरमाळ्याची जत्रा भरली होती. चाचा देवीच्या वाटेवर चिंचेखाली बेंजो घेऊन बसले होते. कुठल्याशा रेकॉर्डच्या कंपनीचा माणूस गावोगावचं गाणंबजावणं धुंडाळत फिरत होता, तो तिथं थांबला. पुरतं ऐकलं. चाचा घरी आले ते तापल्यासारखे. कधी नव्हे ते आमच्या ओसरीवर स्वतः होऊन बसले.

"बेटी, मेरी तबकडी निकलती."

"काय सांगता!"

"हौ. आठ रोज बाद धाराशिवला बुलाया. यंत्र घेऊन येणार हाय. आपका बाजा मंजूर, बोल्या." मग त्यांचा चेहरा पडला. "मगर सोला चाहिए, बोल्या."

"सोळा काय?"

"आदमी. और क्या? तीन बार पूछा मैं. सोला? बोल्या हाँ, सोला. पक्का सोला? बोल्या, चाचा, सोला नहीं तो रेकॉर्ड नहीं."

ज्या माणसाला घड्याळाची साथ चालत नव्हती त्याच्याकडं कंपनीनं सोळा माणसं मागितली होती.

"मग नको म्हणा की," मी म्हणालो.

चाचा माझ्याकडं वळले. "तुला पोरंबाळं हुतील," ते म्हणाले. "माझ्या मागं कोण हाय? चाळीस आदमी में उमर गई. एक तबकडी निघाली, तर कोण तरी बोलेगा, हा वाजवणारा हुता." मग म्हणाले, "पण सोळा जणांत परत मीच सुनाई नहीं देणार."

मी पहिल्यांदाच त्यांचे डोळे भरलेले बघितले. हिनंही बघितले. ती उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "आधी सोळा तर गोळा करू. ऐकू येतंय का न्हाय ते मागनं बघू. चला, मी येते."

दुसऱ्या दिवशी चाचांनी पितळी गुंड्यांचा कोट घातला. उन्हाळ्यात. चुकलो असं म्हणणं त्यांच्या तोंडात बसत नव्हतं, म्हणून ते प्रत्येकाच्या दारात जाऊन सलाम ठोकायचे. कडक, पलटणीचा. पहिलं दार मृदंगवाल्या बुवांचं.

बुवा दचकले. "हे काय? पोलिसात लागलाव काय?"

ही म्हणाली, "बुवा, चाचांची तबकडी निघायलीय. सोळा माणसं पायजेत. तुमी मृदंग घ्या."

"अस्सं! आणि म्या दारात आलो तवा कडी कुणी लावली हुती?"

चाचा ताठ उभे. हात कपाळाला तसाच. कोपर थरथरायला लागलं.

"व्हय म्हणा की वो," ही म्हणाली. "तुमी व्हय म्हणल्याबिगर त्ये हात खाली घेणार न्हाईत, आणि मला घरी भाकऱ्या हायत्या."

बुवा हसले आणि ते पहिले. हॉटेलवाल्यानं तर सूड उगवला. "माझा चमचा चालंल का आता?" त्यानं विचारलं. चाचांनी डोळे मिटले आणि कडू औषध गिळावं तसं म्हणाले, "चमचा भी आणो." येरमाळ्याला जाऊन गोंधळ्यालाही सलाम झाला. तो संबळ घेऊन यायला एका पायावर तयार होता. नागड्या चालीला कपडे घालायचे होते ना त्याला. असं करत टाळवाले, हलगीवाला, वरातीतला ताशेवाला, गावात जो जो काही बडवत होता तो तो आला.

मग घोळ निघाला. सोळा म्हणजे चाचांना धरून का सोडून? बुवा म्हणाले धरून. हॉटेलवाला म्हणाला सोडून, बँडमास्तरला कुणी मोजतं का? चाचा म्हणाले, "मैं तो गिनती के बाहर." तसं मोजलं तर दोन कमी पडायला लागले. मला टाळ दिले. मला वाजवता येत नाही म्हणालो, तर चाचा म्हणाले, "अच्छा है. हळू वाजवशील." तरी एक कमी.

"मी हाय की," ही म्हणाली.

मी म्हणालो, "बाईमाणूस कशाला त्या सगळ्यांत?"

"मग तुमी आणा सोळावा. कुठनं आणता आणा."

मिळाला असता तर आणला असता. ही सोळावी.

तालमी चाचांच्या अंगणात झाल्या. त्याला तालीम म्हणणं म्हणजे पाप. संबळ आईच्या नावानं सुटायचा, मृदंग विठ्ठलाच्या, ताशा नवऱ्यामुलाच्या. हॉटेलवाला चमच्यानं गिलास फोडायचा. पुढं आमच्याकडं पाठ करून बसलेल्या चाचांची कोपरं हलताना दिसायची, बेंजो ऐकू यायचा नाही. आठवड्यात माणूस उतरून गेला. जेवण कमी झालं. एकदा सगळे गेल्यावर मला म्हणाले, "वही चाळीस आदमी परत आले रे. आता माझ्या घरात आले." घड्याळ त्या आठवड्यात बरोबर चालत होतं. कुणी थांबवायलाच उठत नव्हतं.

ठरल्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही धाराशिवला निघालो. कंडक्टरनं संबळ, ताशा, मृदंग बघितलं आणि विचारलं, "नवरदेव कोणचा?" हिनं चाचांकडं बोट दाखवलं. अख्खी एसटी हसली. कोटातले चाचा ताठ बसून बाहेर बघत राहिले.

एका व्यापाऱ्याच्या माडीवर कंपनीनं यंत्र मांडलं होतं. खिडक्यांना गोधड्या लावल्या होत्या. कंपनीचा माणूस पातळ मिशीचा, मुंबईचा. चाचांना बघून पुढं आला, आणि त्यांच्या मागनं जिन्यानं एकेक जण वर यायला लागला तसा मागं मागं सरकायला लागला.

"चाचा, ये सब कौन हैं?"

"सोला," चाचा म्हणाले. "गिन लो."

"क्या सोला?"

"आप बोले थे ना? सोला चाहिए. सोला नहीं तो रेकॉर्ड नहीं."

त्या माणसानं आम्हा सगळ्यांकडं बघितलं, चाचांकडं बघितलं, आणि कपाळावर हात मारला. "अरे चाचा, सोलो! सोलो बोला था मैंने! अंग्रेजी में सोलो. सोलो मतलब अकेला. एक आदमी!"

ताशेवाल्यानं ताशा खाली टेकवला.

"अकेला?" चाचा म्हणाले.

"अकेला."

"सिर्फ मैं?"

"सिर्फ आप. इसीलिए तो आपको बुलाया. नुसता बेंजो कोण वाजवतो?" त्या मुंबईवाल्याला मराठी येत होती, हे तेव्हा कळलं. आधीच मराठीत बोलला असता तर एवढं रामायण झालंच नसतं.

ही म्हणाली, "घ्या चाचा, मनासारखं झालं."

झालं होतंच. ज्यासाठी जन्म काढला ते कंपनी आपण होऊन देत होती. पण बुवा खाली मान घालून मृदंगाला खोळ चढवायला लागले होते. हॉटेलवाल्यानं चमचा खिशात घातला. गोंधळी जिन्याकडं वळून म्हणाला, "चला, आईची मर्जी." कुणी रागावलं नव्हतं. रागावले असते तर चाचांना सोपं गेलं असतं.

"ठैरो," चाचा म्हणाले. "ये लोगां भीतर बैठेंगे."

कंपनीचा माणूस म्हणाला, "शक्य नाही. यंत्राला सगळं ऐकू येतं. कुणी खोकलं तरी प्लेट वाया. आणि परत घ्यायला वेळ नाही, पुढची पार्टी खाली उभी आहे. एकदाच होईल."

"एकदाच होऊ द्या."

"चाचा, वेडेपणा करू नका. एक आवाज झाला तर तुमची रेकॉर्ड गेली."

"ये बाहर, तो मैं बाहर," चाचा म्हणाले. "सलाम करके लाया हूँ."

मग त्यांनी आम्हाला भिंतीला ओळीनं बसवलं. ज्याचा त्याचा बाजा ज्याच्या त्याच्या मांडीवर. समोर उभे राहून, पलटणीला हुकूम द्यावा तसे म्हणाले, "गुमान बसायचं. सबने. एकदम गुमान."

आणि वाजवायला बसले.

ते वाजवणं मी काही सांगू शकत नाही. माझं लक्ष वाजवण्याकडं नव्हतंच. बुवांना दम्याचा खोकला होता, ते तोंड दाबून लालबुंद झाले होते. हॉटेलवाल्याचा हात आपोआप खिशाकडं जायला लागला, मी त्याचं मनगट धरून ठेवलं. गोंधळ्याची बोटं संबळाच्या वर हवेत नाचत होती, कातड्याला न लागता. आणि मी हिच्याकडं बघितलं, तर ही पदर शोधत होती.

झालं होतं असं की चाचांना वाजवताना हिनं आणि मी समोरनं कधी बघितलंच नव्हतं. कायम दार लावलेलं नाही तर पाठमोरे, तालमीतसुद्धा. आणि चाचा बेंजो वाजवताना गाल फुगवायचे. फुंकायला काही नाही, बोटांनी वाजवायचा बाजा, तरी बँडातली सवय जाईना. जोरात आलं की दोन्ही गाल टम्म, हळू आलं की खाली. हिनं ते बघितलं. तिनं पदराचा बोळा करून तोंडात कोंबला. खांदे हलायला लागले. डोळ्यांतनं पाणी. नेमकी तिच्याच ओवीची चाल आली, आणि तिसऱ्यांदा खाली येताना चाचांचे गाल असे काही फुगले की ही माझ्या अंगावर कलंडली. मी मनात म्हणालो, संपलं. म्हाताऱ्याचा जन्म गेला हिच्या हसण्यापायी. तिची नखं माझ्या दंडात रुतली होती. पण आवाज काढला नाही तिनं. एवढासुद्धा नाही.

चाचा थांबले. कंपनीच्या माणसानं यंत्र बंद करून हात खाली केला, आणि ही फुटली. अशी हसली की खालची पार्टी वर बघायला आली. बुवांचा खोकला, हॉटेलवाल्याचा चमचा, संबळ, ताशा, सगळं एकदम सुटलं. चाचा मधे बसून विचारत होते, "क्या हुआ? कायकू हसते?" कुणीच सांगितलं नाही. आजवर कुणी सांगितलं नव्हतं, आता मी सांगतोय.

पावसाळ्यात तबकडी आली. हॉटेलात ग्रामोफोनची पेटी लावली, सगळी येडशी जमली. वर एकट्या चाचांचं नाव. सुई टेकली आणि बुवांनी हात वर केला. "ऐका, आता म्या येतो. हे बघा. हितं! हितं म्या खोकला गिळलाय."

"माझा चमचा ऐका," हॉटेलवाला म्हणाला. "ऐकला? न्हाय ना? त्योच."

"संबळ ह्याच्या मागनं हाय," गोंधळी म्हणाला. "कसा बिनआवाजाचा बसलाय बघा."

चाचा वैतागले. "अरे, चूप बैठो! मेरेकू मेरा सुनाई नहीं देता!" परत सुई लावली. परत तेच. प्रत्येकाला आपलं गप बसणं दुसऱ्याला दाखवायचं होतं. शेवटी चाचा तबकडी काढून, आणि त्या हॉटेलाचा चहा परत एकदा बंद करून घरी आले, आणि घड्याळ थांबवून वाजवत बसले. कडी लावली होती. माणूस बदलला वगैरे काही नाही.

तबकडी त्यांनी हिला दिली. "तू रख बेटी. मी तर माझ्याजवळच हाय."

चाचा जाऊन किती वर्षं झाली. ती तबकडी आमच्याबरोबर घरं बदलत आली. वाजवायची पेटी कधीच मोडली. परवा सून कपाट आवरत होती, म्हणाली, "मामा, हे कशाला ठेवलंय? वाजत तर न्हाय."

वाजत नाही हे मलाही कळतं. पण आमच्या एवढ्या संसारात ही बाई एकदाच गप बसली, ती त्या तबकडीत. आता रोजच गप आहे, ते निराळं. ह्या गपीत काही नाही. त्या गपीत ती तोंडात पदर कोंबून माझा दंड धरून बसलीय, आणि आता हसंल का मग हसंल म्हणून माझा जीव वर-खाली होतोय. त्याला पेटी लागत नाही.

सुनेला म्हणालो, "ऱ्हाऊ दे तिथंच. हात लावू नको."